कोल्हापूर ते न्यूयॉर्क: अंतर, तास आणि दिवसागणिक प्रवास

कोल्हापूर साधारण ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. ग्रीनिचच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर असलेल्या या दोन शहरांमध्ये पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची रेघ ओढली, तर अंतर भरते सुमारे १२,८०० किलोमीटर. "किती तास लागतात?" या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळते: सोळा. पण ते मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या एका थेट विमानाचे तास आहेत. राजारामपुरीतल्या घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या घराची बेल वाजवेपर्यंत बत्तीस ते छत्तीस तास धरावे लागतात आणि त्यातले निम्मे, कधी निम्म्याहून जास्त, जमिनीवर जातात. विमान चुकते, सामान अडते, माणूस दमतो, तेही बहुतेक जमिनीवरच. म्हणून अंतराचा हिशोब मुंबईच्या धावपट्टीपासून न करता कोल्हापुरातल्या तावडे हॉटेलच्या चौकापासून करावा.

खालचे वेळापत्रक हिवाळ्यातले आहे. मुंबईहून शनिवारी पहाटे १.३० ला सुटणारे थेट विमान त्यात धरले आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले साठी ओलांडलेले आई-वडील डोळ्यांसमोर आहेत, कारण कोल्हापूरहून हा प्रवास करणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे आणि चुकीच्या नियोजनाचा त्रास सर्वांत जास्त त्यांनाच होतो.

निघण्याआधी: तिकीट काढताना

मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. वाटेत थांबा घेतला की अंतर फार वाढते, असे बहुतेकांना वाटते. आकडे वेगळेच सांगतात. लंडनमार्गे गेलात तर ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे सुमारे १२,७४० किलोमीटर. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. फ्रँकफर्टमार्गे १२,७७० च्या आसपास. थेट मार्गापेक्षा फरक दोनशे ते चारशे किलोमीटरचा, म्हणजे उड्डाणाच्या हिशोबात पंधरा ते तीस मिनिटांचा. वेळ खातो तो थांबा. दोन तासांचा थांबा की नऊ तासांचा, यावर एकूण प्रवास एकवीस तासांचा होतो की अठ्ठावीस तासांचा हे ठरते. तिकिटांची तुलना करताना किलोमीटर सोडा आणि 'एकूण कालावधी' हा रकाना वाचा.

थांबा फार छोटाही नको. मुंबईहून निघणारे विमान तासभर उशिरा सुटणे काही विशेष नाही. परदेशी विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी असते, टर्मिनल बदलायचे असते, व्हीलचेअर घेतली असेल तर ती येईपर्यंत थांबावे लागते. एकाच तिकिटावर अडीच ते चार तासांचा थांबा सर्वांत सोयीचा. अबू धाबीमार्गे जाणार असाल तर आणखी थोडा वेळ ठेवा. तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते. रांग तिथेच लागते, पण न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता येते.

युरोपमार्गे जाताना एक गोष्ट हमखास सुटते. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर काही देशांत ट्रान्झिट व्हिसाची सूट मिळते. पण परतीच्या दिवसापर्यंत तो अमेरिकी व्हिसा संपणार असेल, तर येताना तीच सूट लागू पडेलच असे नाही. ज्या देशात थांबा आहे, त्याच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर जाताना आणि येताना अशा दोन्ही तारखांचा नियम स्वतः पाहावा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मग कोल्हापूरहूनच विमान का नाही? उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये तिथे नवी टर्मिनल इमारत आली. धावपट्टी मात्र १,९३० मीटरची आहे. एटीआर किंवा एम्ब्रेअरसारख्या विमानांना ती पुरते. सोळा तासांचे इंधन भरलेल्या बोइंग ७७७ ला सुमारे तीन हजार मीटर लागतात. त्यामुळे कोल्हापूरहून विमान मिळाले तरी ते मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशा शहरापर्यंतच. हैदराबादला जाणे म्हणजे अमेरिका पश्चिमेला असताना आधी ४४५ किलोमीटर पूर्वेला जाणे. तरीही कोल्हापूर ते न्यूयॉर्क सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर मिळत असेल, तर तो सौदा चांगला. पहिले विमान रद्द झाले तर पुढची सोय करणे कंपनीवर येते.

दोन वेगळी तिकिटे काढली की दोन गोष्टी अंगावर येतात. कोल्हापूरचे विमान धुक्याने किंवा पावसाने रद्द झाले तरी मुंबईचे विमान तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पुढचे तिकीट 'नो शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही असे धरले जाते. दुसरी गोष्ट सामानाची. अमेरिकेच्या तिकिटावर इकॉनॉमीत बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. देशांतर्गत वेगळ्या तिकिटावर साधारण १५ किलो. उरलेल्या ३१ किलोंचे पैसे उजळाईवाडीच्या काउंटरवर भरावे लागतात, आणि छोट्या विमानात जागाच नसेल तर पैसे देऊनही बॅग जात नाही. वेगळ्या तिकिटावर विमानाने मुंबई गाठायची असेल, तर आदल्या दिवशीचे विमान घ्या आणि मुंबईत एक रात्र काढा.

गुरुवार: बॅगा आणि एका तारखेचा घोळ

तिकिटावर 'शनिवार ०१:३०' असे छापलेले असते. ही शुक्रवारची रात्र आहे. शनिवारी रात्री विमानतळावर पोचणारे लोक दर हंगामात सापडतात, आणि तोवर त्यांचे विमान न्यूयॉर्कला उतरून कित्येक तास झालेले असतात. घरातल्या कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकोनात 'रात्री ९.३० मुंबई विमानतळ' असे मोठ्या अक्षरात लिहा. विमानाची वेळ लिहू नका, पोचण्याची लिहा.

कांदा-लसूण मसाला मोठ्या बॅगेतच जाऊ द्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त आकारमानाची पूड असेल तर ती वेगळी तपासली जाते आणि समाधान झाले नाही तर काढून ठेवली जाते. मसाला जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, तोंड उष्णतेने बंद करून, वर डबा, आणि डबा कपड्यांच्या मधोमध. बॅगेचा कोपरा आपटला की तिथला डबा उघडतो आणि सगळ्या साड्या मसाल्याच्या होतात. लोणच्याचेही तसेच. हातातल्या बॅगेत ते द्रवपदार्थ धरले जाते आणि १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. गूळ, चटणी, भडंग, चिवडा चालतो, पण अमेरिकेत उतरल्यावर 'खाद्यपदार्थ आहेत' असे सांगायचेच. सांगितले तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवले तर दंड होतो. मांसाचा कोणताही पदार्थ, ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि तांदूळ घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यात तेल भरपूर असल्याने विमानात तो ज्वलनशील माल धरला जातो.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॉट-तासांची असते. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, ती चालते. औषधे किमान दहा दिवसांची हातात, उरलेली सामानात, आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी पासपोर्टच्या पाकिटात. बॅग एखाद्या दिवसाने मागाहून येते, तेव्हा रक्तदाबाची गोळी तिच्यात अडकलेली नसावी. व्हीलचेअरची नोंद सुटण्याच्या किमान ४८ तास आधी कंपनीकडे करा. चालता येत असले तरी साठीपुढच्यांनी ती मागावी, मुळीच संकोच करू नये. लांबलचक कॉरिडॉर, पाट्या वाचणे, रांगा हे सगळे तिने सुटते.

शुक्रवार: कोल्हापूर ते मुंबई, ३८० किलोमीटर

हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर, रस्त्याने ३८० च्या आसपास. सगळ्या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा हाच. सकाळी ८ ला निघा. गणित असे: कराड ७५ किलोमीटर, तिथून सातारा ५०, साताऱ्याहून पुणे ११०, पुढे किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत द्रुतगती मार्ग ९४.५, आणि शेवटी वाशी, चेंबूर, सांताक्रूझ असे करत सहारचा विमानतळ. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे टोलनाके महामार्गावर, उर्से आणि खालापूर द्रुतगती मार्गावर. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरीच पाहा. रस्ता मोकळा असला तर सात तास, जेवणासह आठ. महामार्गाच्या रुंदीकरणाचे वळणरस्ते लागले, तर नऊ.

अडकायला होते ते ठरावीक जागी. खंबाटकीजवळ एखादा मालट्रक बंद पडला की मागे रांग लागते. पुण्यात नवले पुलाचा उतार, वारजे, चांदणी चौक ते वाकड हा पट्टा संध्याकाळी पाचनंतर मुंगीच्या पावलांनी सरकतो, म्हणून तो दोनच्या आत ओलांडलेला बरा. पुढे बोरघाट. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईकडून पुण्याकडे येणारी बाजू भरते, आपली बाजू त्या मानाने मोकळी असते. विमान रविवारच्या रात्रीचे असेल तर मात्र उलटे होते: लोणावळ्याला गेलेली अर्धी मुंबई त्याच वेळी परतत असते. त्या दिवशी दोन तास आधी निघा.

आठला निघून पाचला चेंबूर गाठले, तर हाताशी चार तास उरतात. हे तास वाया गेले असे समजू नये. हाच खरा विमा. टायर फुटला, अपघाताने रस्ता बंद झाला, तर याच चार तासांतून वेळ काढायचा असतो. काहीच झाले नाही तर नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या हॉटेलात पाठ टेका, अंघोळ करा, गरम जेवा. पुढची अंघोळ चोवीस तासांनी आहे.

गाडी नको असेल तर दुसरा आणि वयस्करांना सोसणारा पर्याय आहे महालक्ष्मी एक्स्प्रेसचा. गुरुवारी रात्री कोल्हापूरच्या शाहू महाराज टर्मिनसवर बसा, शुक्रवारी सकाळी मुंबई. रेल्वेचे अंतर मिरजेमार्गे ५१८ किलोमीटर, रस्त्यापेक्षा बरेच जास्त, पण आडवे झोपून जाता येते आणि अख्खा दिवस हाताशी राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोची तिसरी मार्गिका पूर्ण चालू झाल्यापासून सीएसएमटी किंवा दादरहून थेट विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) स्थानकापर्यंत भुयारी मेट्रोने जाता येते. फक्त मेट्रो रात्रभर चालत नाही, हे ध्यानात ठेवा. कावळा नाक्यावरून सुटणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सही आहेत. त्या पहाटे सायन किंवा अंधेरीकडे सोडतात. ज्या दिवशी रात्री विमान, त्याच दिवशी दुपारी निघणारी ट्रॅव्हल्स मात्र कधीच धरू नका. तिच्या थांब्यांवर तुमचा काही ताबा नसतो.

जुलै-ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहायचा: राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुण्याकडचा रस्ता दिवसेंदिवस बंद राहिला. पाणी ३९ च्या पुढे चढू लागले आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता दोन दिवस आधी नदी ओलांडावी. मुंबईत दोन रात्री राहण्याचा खर्च बुडालेल्या तिकिटापुढे काहीच नाही. विमानतळ उंच माळावर असल्याने तिथे पुराचे पाणी येत नाही, पण त्याच दिवसांत ढग इतके खाली असतात की विमाने उतरू शकत नाहीत.

मुंबईत टर्मिनल तपासा. आंतरराष्ट्रीय विमाने सहारच्या टी-२ वरून सुटतात. देशांतर्गत विमाने टी-१ वरही उतरतात, आणि टी-१ ते टी-२ बाहेरच्या रस्त्याने जावे लागते. रात्री ९.३० ला आत शिरलात की बॅगा देणे, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी यांत दोन ते अडीच तास जातात. मध्यरात्रीनंतर आखात, युरोप, अमेरिका अशी सगळीकडची विमाने एकापाठोपाठ सुटतात, म्हणून रांगा रात्री अकराच्या सुमारास सर्वांत लांब असतात. आपण त्यांच्या पुढे असावे.

शनिवार: चौतीस तास तीस मिनिटांचा दिवस

अमेरिका पश्चिमेला आहे, पण सर्वांत जवळचा रस्ता मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेला निघतो. ही रेघ वर चढत जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, आइसलँडच्या आसपास जाते आणि तिथून खाली उतरत न्यूयॉर्कला पोचते. घरातल्या पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की हे लगेच दिसते. भिंतीवरच्या सपाट नकाशात दिसत नाही.

प्रत्यक्षात विमान या रेघेवरून जात नाही. ती पाकिस्तानवरून जाते, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केली. तेव्हापासून ही बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली. रशियाची हद्द २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांचे मार्ग वेगळे आणि तासही वेगळे. पश्चिम आशियात कुठे तणाव वाढला की वळसा आणखी मोठा होतो. 'फ्लाइट डिस्टन्स' म्हणून संगणक जो आकडा देतो, त्यात यातले काहीच धरलेले नसते.

वेळेचा हिशोब करून पाहू. लांब पल्ल्याचे जेट ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. वारा नसेल आणि रेघ सरळ असेल तर १२,५४० किलोमीटरला १४ तास. वळशाने अंतर १३,५०० झाले असे धरा, आणि समोरून ताशी सरासरी ५० किलोमीटरचा वारा. जमिनीच्या हिशोबात वेग उरला ८५०, आणि वेळ झाला १५ तास ५३ मिनिटे. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर गेटला लागणे यांचा अर्धा तास. तिकिटावरचे सोळा-साडेसोळा तास आले ते इथून. येताना हाच वारा पाठीशी असतो. वेग ९५०, आणि तेवढ्याच अंतराला १४ तास १३ मिनिटे. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा प्रवाह हिवाळ्यात सर्वांत जोरात असतो, त्यामुळे जाता-येतानाचा फरकही तेव्हाच जास्त जाणवतो.

केबिनमधली हवा ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. पन्हाळा ३,२०० फुटांच्या आत, महाबळेश्वर साडेचार हजार, कळसूबाई ५,४००. म्हणजे सोळा तास कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बसायचे, तेही अगदी कोरड्या हवेत. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आकड्यांसह सांगावे. पाणी दर तासाला थोडे थोडे, चहा-कॉफी कमी. दीड-दोन तासांनी उठून केबिनच्या मागच्या टोकापर्यंत चालावे. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे करायचे असते, केवळ पाय अवघडतात म्हणून नव्हे. त्यासाठी कडेची सीट घ्या. शाकाहारी, जैन किंवा मधुमेहींचे जेवण तिकिटावर आधी नोंदवलेले नसेल तर विमानात मिळण्याची खात्री नाही.

औषधांच्या वेळा हा खरा अवघड भाग. पश्चिमेकडे जाताना शनिवार चोवीस तासांचा न राहता साडेचौतीस तासांचा होतो. रोज सकाळी ८ ला घ्यायची गोळी न्यूयॉर्कच्या घड्याळात आदल्या रात्री ९.३० ला पडते. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी वाढलेल्या या साडेदहा तासांचे काय करायचे, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. झोपायचे कधी? पहिले जेवण झाले की लगेच, आणि उतरण्याआधी तीन तास जागे राहायचे.

उतरताना मुंबईत संध्याकाळचे ५.३० वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कला त्याच शनिवारचे सकाळचे ७. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा. भारतात घड्याळ बदलत नाही, म्हणून दर रविवारी ठरलेला व्हिडिओ कॉल मार्चमध्ये एकदा चुकतोच.

इमिग्रेशनला तास-दीड तास धरा. प्रश्न थोडे असतात: कोणाकडे, किती दिवस, परतीचे तिकीट आहे का. मुलाचा पत्ता आणि फोन इंग्रजीत छापलेला कागद पासपोर्टबरोबर ठेवा, फोनची बॅटरी त्याच वेळी संपलेली असते. पुढे बोस्टन किंवा शिकागोचे विमान असेल, तरी सगळ्या बॅगा इथेच उचलून कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात.

केनेडी विमानतळ शहराच्या आग्नेय टोकाला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनकडे जाणाऱ्यांना तिथून साठ किलोमीटरहून जास्त, वाहतूक पाहून दीड ते दोन तास. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना नेवार्क विमानतळ जवळ पडतो, तिकीट काढताना तोही शोधून पाहावा. शहरात जायचे असेल तर एअरट्रेनने जमैका स्थानक आणि तिथून लाँग आयलंड रेल्वे. दोन मोठ्या बॅगा असतील तर हा बेत सोडा.

रविवार ते बुधवार: झोपेचे दिवस

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. कोल्हापूरचा सूर्य तिच्या ३३ मिनिटे मागे. सूर्याच्या हिशोबात कोल्हापूर आणि न्यूयॉर्कमधला फरक भरतो ९ तास ५३ मिनिटे. शरीर याच फरकाशी झगडते, घड्याळातल्या साडेनऊ किंवा साडेदहाशी नाही.

पहिल्या दिवशी दुपारी १ च्या पुढे डोळे मिटू लागतात, कारण शरीरासाठी मध्यरात्र झालेली असते. सर्वांत जास्त नुकसान या वेळच्या झोपेने होते. तीन तास झोपलात तर रात्र जागून जाते. फार तर वीस मिनिटे डोळे मिटा, मग बाहेर पडा. दुपारी २ ते ४.३० उघड्यावर, उजेडात चाला. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. दुपारचा हा उजेड शरीराचे घड्याळ मागे ढकलतो, आणि पश्चिमेला आल्यावर आपल्याला तेच हवे असते. रात्री ८ पर्यंत जागे राहायचे.

पहाटे २ ला जाग येईल आणि कडकडून भूक लागेल, शरीर दुपारच्या जेवणाला बसलेले असते. भात-आमटी न करता दूध-केळे किंवा एखादी दशमी खाऊन, दिवा मंद ठेवून पुन्हा पडावे. दिवसाला साधारण तास-दीड तास या गतीने शरीर रुळावर येते. म्हणजे पूर्ण जुळायला आठवडा सहज जातो. मुलांनी आई-वडिलांना रविवारीच नायगारा दाखवायला निघू नये. तो रस्त्याने सहाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, आणि पहिले चार दिवस ते गाडीत झोपतीलच.

परतीचा शनिवार आणि रविवार

केनेडीहून शनिवारी सकाळी ११.३० ला सुटलेले विमान सव्वाचौदा तासांनी रविवारी दुपारी १२.१५ ला मुंबईत उतरते. इथे साडेदहा तास कापले जातात, औषधांचा हिशोब उलटा होतो, आणि जाताना वाढवलेले इन्सुलिन येताना कमी करावे लागते. तोही कागद डॉक्टरांकडूनच घ्या.

बॅगा मुंबईतच घ्यायच्या आणि कस्टम मुंबईतच, पुढे उजळाईवाडीचे विमान असले तरी. तेव्हाही १५ आणि ४६ किलोंचा तोच पेच येतो, म्हणून एकाच पीएनआरची तिकिटे नसतील तर रस्ता किंवा रेल्वे बरी. दुपारी दोनला गाडी निघाली तर रविवारी बोरघाटात गर्दी समोरच्या बाजूला, मुंबईकडे येणाऱ्यांची असते, आणि रात्री दहा-अकरापर्यंत कोल्हापूर येते. चालक मात्र आदल्या रात्री झोपलेला असावा. कोल्हापूरहून त्याच पहाटे निघून आलेल्या माणसाला लगेच परत चालवायला लावू नका. पहाटेपासूनचे सलग सोळा तास होतात ते. दुसरा चालक घ्या किंवा रात्रीची महालक्ष्मी धरा, सोमवारी सकाळी घरी.

पूर्वेकडे आल्यावर झोप बसायला जाण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. शरीराला दिवस लांबवणे जमते, आखडणे जड जाते. दुपारी झापड येते, मध्यरात्री टक्क जाग. सकाळी उठल्या उठल्या लख्ख उजेडात जाणे पहिले दोन-तीन दिवस टाळा, दुपारनंतरचा उजेड भरपूर घ्या, आणि निदान चार दिवस तरी स्कूटर, मोटार स्वतः चालवू नका.